चोरी रोखायला नेमका किती खर्च करावा?

उंबरठा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात माझी सायकल चोरीला गेली. जुनीच होती, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. खरं वाईट वाटलं ते नंतर. नवी सायकल घेतली, तिच्यासाठी चांगलं जाडजूड कुलूप घेतलं आणि आठवड्याच्या आत माझ्या शेजारी लावलेली सायकल गेली. तिला साधी साखळी होती. चोर आला असेल, माझं कुलूप बघितलं असेल आणि एक पाऊल डावीकडे सरकला असेल. म्हणजे पैसे मोजून मी घेतलं काय? चोरी थांबली नाहीच, फक्त माझ्याकडची शेजाऱ्याकडे गेली.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत सुटलोय. गॉर्डन टलॉक नावाच्या अर्थतज्ज्ञाचा १९६७ चा एक निबंध आहे. त्यात जकात, मक्तेदारी आणि चोरी या तिघींना त्याने एकाच माळेत ओवलंय. त्याचा मुद्दा असा: चोराने माझ्या खिशातली शंभराची नोट नेली तर समाजाच्या एकूण संपत्तीतून काहीच कमी होत नाही. नोट इकडची तिकडे गेली, एवढंच. (माझ्या दृष्टीने हा अन्याय आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने नुसतं हस्तांतर.) खरं नुकसान दुसरीकडेच होतं. चोराने हत्यारं घेतली, रात्री जागवल्या, सराव करून हात बसवला. मी कुलूप घेतलं, गजर बसवला, रखवालदार ठेवला. ही सगळी मेहनत नि सामग्री कुणाच्याच पदरात काही न पाडता जळून जाते. गंमत म्हणजे चोरी झालीच नाही तरी कुलपाचा खर्च झालेलाच असतो. म्हणून एखाद्या ठिकाणी चोऱ्या कमी होतात याचा अर्थ तिथे चोरीची किंमत कमी आहे, असा होत नाही. कदाचित सगळे जण खिडक्या-दारांना गज लावून राहत असतील.

तर प्रश्न असा: कुलपं, पोलीस, तुरुंग, विमा या सगळ्यावर मिळून जो पैसा जातो, त्यातला कुठला कामाला येतो आणि कुठला नुसता चोराला शेजारी ढकलतो? अभ्यासूंनी लिहावं. बाकीच्यांनीही लिहावं.

---

बेरीजवजाबाकी

उत्तम विषय. सुरुवात गॅरी बेकरपासूनच करावी लागेल. शिकागोचा अर्थतज्ज्ञ, १९९२ चा नोबेलवाला. गुन्हा आणि शिक्षेवरचा त्याचा निबंध १९६८ चा. त्या निबंधाच्या जन्माची कथा तो स्वतःच सांगायचा. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायची होती आणि याला उशीर झालेला. गाडी पैसे भरून लांबच्या वाहनतळावर लावावी की रस्त्यावर मनाई असलेल्या जागी? पकडले जाण्याची शक्यता किती, दंड किती, वाचणारा वेळ किती, असा मनात हिशेब करून त्याने मनाईच्या जागी लावली. परीक्षेच्या खोलीत शिरेपर्यंत डोक्यात आलं की पोलीसही असाच हिशेब करत असणार. बिचाऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न त्यावरच.

मांडणी सोपी आहे. चोराच्या तराजूत एका पारड्यात लूट. दुसऱ्या पारड्यात पकडले जाण्याची शक्यता गुणिले शिक्षा, आणि त्याच वेळात सरळ मार्गाने जे कमावता आलं असतं ते. यातून बेकरने काढलेलं एक अनुमान लोकांना पचत नाही: गुन्हे शून्यावर आणणं हे शहाण्या समाजाचं उद्दिष्ट असू शकत नाही. शेवटची चोरी थांबवायला जो खर्च येईल तो त्या चोरीच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठा असेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

---

खडूस काका

वाचून हसू आलं. चोर काय रात्री कंदील लावून गुणाकार करत बसतो? नशा, संगत, माज आणि आयता पैसा, यातून चोरी होते. शिक्षा अशी जबर द्या की दुसऱ्याची हिंमत होऊ नये. खर्चही कमी. संपला धागा.

---

फिरस्ती

काका, धागा इतक्यात संपवू नका, आत्ता कुठे सुरू झालाय.

जबर शिक्षा स्वस्त पडते हा मोह बेकरच्या गणितातही आहे. दहातला एक चोर पकडून वर्षभर आत टाका किंवा शंभरातला एक पकडून दहा वर्षं टाका, कागदावर दोन्ही सारखंच. मग पोलीस कमी ठेवून शिक्षा वाढवलेलीच परवडेल, नाही का? इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिलाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी. झालं काय? खटल्यातली पंचमंडळी (ज्युरी) चोरलेल्या मालाची किंमत बिनदिक्कत ३९ शिलिंग ठरवायची. समोर दिसतंय की माल कितीतरी महाग आहे, तरी ३९. कारण एका भुरट्या चोराला फासावर पाठवण्याचं पाप कुणाला डोक्यावर नको होतं. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती लागू होण्याची शक्यता कमी. म्हणजे गुणाकारातला एक आकडा वाढवला की दुसरा आपोआप घसरतो.

शिवाय चोरीला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवलीत, तर चोर साक्षीदाराला जिवंत का सोडेल?

बेकारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ मध्येच लिहून ठेवलंय की धाक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने, तिच्या क्रौर्याने नव्हे.

---

मूकवाचक

३९ शिलिंगांचा किस्सा भारी. वाचतोय.

---

बेरीजवजाबाकी

@खडूस काका, प्रत्येक चोराने गुणाकार करायची गरजच नाही. हजारातल्या काही जणांचे पाय जरी भाव बघून वळले, तरी आकड्यांत ते दिसतं. तांब्याचा भाव चढला की रेल्वेच्या तारा, पाइप, केबल चोरीला जायचं प्रमाण वाढतं, उतरला की घटतं. नशेच्या आहारी गेलेला माणूसही भंगारवाला काय देईल ते विचारतोच.

आणि खात्रीबद्दल बोलायचं तर अमेरिकेच्या एफबीआयच्या २०१९ च्या आकड्यांत पोलिसांना माहीत झालेल्या घरफोड्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांचा छडा लागला. वाहनचोरीचंही तेवढंच. आणि कित्येक चोऱ्या पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. अशा ठिकाणी शिक्षा पाच वर्षांची सात केली, तर चोराच्या तराजूत काय फरक पडणार?

---

खडूस काका

मग पोलीस वाढवा म्हणा ना सरळ. मी तरी वेगळं काय म्हणतोय? एक दिवस पोलीस काढून बघा, सगळे अभ्यासक घराची कडी लावून बसतील.

---

चष्मिष्ट

काका, यात मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, कारण हे खरोखर घडून गेलंय. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये पोलीस दलच मोडून काढलं, सापडतील तेवढे पोलीस अटकेत टाकले. पुढे युद्ध संपेपर्यंत देशात धड पोलीसच नव्हते. चोऱ्या आणि लुटालूट प्रचंड वाढली. पण अफरातफर, फसवणूक असले गुन्हे, ज्यांत गुन्हेगार कोण हे बहुधा माहीतच असतं, ते तसे वाढले नाहीत. ज्याला ओळखलं जाण्याची भीती आहे त्याला पोलीस नसला तरी भीती आहेच. जो अंधारात येऊन जातो त्याच्यासाठी पोलीस हीच काय ती भीती. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ७ ऑक्टोबर १९६९ ला पोलीस संपावर गेले, तर त्याच दिवशी बँकांवर दरोडे पडले आणि रात्री दुकानं फुटली.

पण 'शून्य पोलीस वाईट' यातून 'आहेत त्यात आणखी दहा टक्के भरा' हे सिद्ध होत नाही. नुसते आकडे बघाल तर जिथे पोलीस जास्त तिथे गुन्हेही जास्त दिसतात, कारण जिथे गुन्हे जास्त तिथेच पोलीस भरतात. जिथे डॉक्टर जास्त तिथे आजारीही जास्त, तसंच. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सोडवायचं कसं?

त्यासाठी लागतो योगायोग. पोलीस वाढले, पण चोरीमुळे नव्हे, भलत्याच कारणाने वाढले, असा प्रसंग. जुलै १९९४ मध्ये अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनोस आयर्समध्ये, ज्यू संस्थेच्या इमारतीवर भीषण बॉम्बहल्ला झाला, ८५ माणसं गेली. त्यानंतर सरकारने ज्यूंच्या प्रत्येक संस्थेसमोर चोवीस तास पोलीस उभा केला. त्याचा मोटारचोरीशी काही संबंध नव्हता. डी टेला आणि शार्ग्रोड्स्की या दोन अभ्यासकांनी गल्लीगल्लीतल्या मोटारचोऱ्या मोजल्या. जिथे पोलीस उभा, त्या गल्लीत चोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. एकदोन गल्ल्या सोडून? काहीच फरक नाही. पोलिसाचा धाक त्याच्या नजरेच्या टप्प्यापुरताच.

लंडनचंही तसंच. जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर मध्य लंडनमध्ये सहा आठवडे पोलिसांचा वावर तीस टक्क्यांहून जास्त वाढवला. गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी घटले. पोलीस परत गेले, गुन्हे परत आले.

---

रातवा

मोठ्या शहरात पोलिसांच्या गाडीत बसून काही रात्री काढल्या आहेत (कामाचा भाग म्हणून, आरोपी म्हणून नव्हे). म्हणून एक भर. 'पोलीस वाढवा' म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर असते ती फिरती गस्त. ती जवळजवळ निरुपयोगी ठरलेली आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ गस्ती भागांचे तीन गट पाडले. एकात गस्त बंद, बोलावलं तरच जायचं. दुसऱ्यात नेहमीसारखी. तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. वर्षभराने बघितलं तर चोऱ्या, लोकांची भीती, पोलिसांबद्दलचं मत, कशातच म्हणावा असा फरक नाही. लोकांना तर गस्त कमीजास्त झाल्याचा पत्ताही नव्हता.

हे आणि चष्मिष्ट यांनी सांगितलेलं ब्यूनोस आयर्स यात वरवर विसंगती वाटेल, पण नाही. गाडी तुमच्या गल्लीतून चार तासांत एकदा जाते, ती गेली की चोराला पुढचे चार तास मोकळे. दारात उभा असलेला शिपाई ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतल्याच मिनिआपोलिसमध्ये ऐंशीच्या दशकात हिशेब मांडला तेव्हा पोलिसांना येणाऱ्या फोनपैकी निम्मे फोन शहरातल्या ३ टक्के पत्त्यांवरून येत होते. म्हणजे पोलीस किती यापेक्षा कुठे उभे, हे महत्त्वाचं. तेवढ्याच खर्चात.

---

फिरस्ती

ठरावीक जागी पोलीस उभे केले तर चोर शेजारच्या गल्लीत जातो का, हाच तर धागाकर्त्याचा मूळ प्रश्न आहे. ब्यूनोस आयर्सचे आकडे नंतर इतरांनी पुन्हा तपासले आणि चोऱ्या बहुधा हलल्या असाव्यात असा आक्षेप घेतला. तो वाद आहे. कोलंबिया देशातल्या बोगोटात २०१६ मध्ये याचा फार मोठा प्रयोग झाला. गुन्ह्यांसाठी कुप्रसिद्ध असे १,९१९ रस्त्यांचे तुकडे निवडून त्यातल्या काहींवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी गस्त वाढवली, काहींवर दिवे आणि साफसफाई. निष्कर्ष जरा निराश करणारा होता. मालमत्तेचे गुन्हे आजूबाजूला सरकल्यासारखे दिसले. हिंसक गुन्हे मात्र सरकले नाहीत.

विचार केला तर पटतं. भांडणातून उगारलेला हात तिथल्या तिथे थंड झाला तर माणूस दोन गल्ल्या पलीकडे जाऊन अनोळखी माणसाला मारत नाही. चोराला मात्र सायकल हवी असते, अमुकच सायकल हवी असते असं नाही.

---

विमावाला

आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका.

१) विमा उतरवला की माणूस कुलपाबाबत ढिला पडतो. म्हणून आम्ही अटी घालतो: अमुक दर्जाचं कुलूप असेल तरच दावा मंजूर. लोक याला कटकट म्हणतात. पण ती कटकट नसेल तर काळजीवाल्याच्या हप्त्यातून बेफिकिराची भरपाई होते.

२) 'चोरीचं नुकसान' म्हणजे चोरलेल्या वस्तूची किंमत हा समज डोक्यातून काढा. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१८ मध्ये एका घरफोडीचा सरासरी खर्च काढला तो ५,९३० पौंड. यात गुन्ह्याच्या भीतीपोटी आधीच केलेला खर्च (कुलपं, गजर, विम्याचा कारभार), प्रत्यक्ष नुकसान आणि मनस्ताप, आणि नंतरचा पोलीस-कोर्ट-तुरुंग असे तीन कप्पे आहेत. चोराच्या हाती यातला किती लागतो? माल विकताना त्याला मूळ किमतीचा एखादा तुकडाच मिळतो. म्हणजे चोराला थोडंसं मिळावं म्हणून समाज कितीतरी पट गमावतो. टलॉकचं म्हणणं तंतोतंत खरं आहे, मी ते रोज टेबलावर बघतो.

३) हा मुद्दा लिहायचा की नाही असा विचार करत होतो. दावा भरून दिला की आम्हाला चोर पकडण्यात रस उरत नाही. आमचा हिशेब पुढच्या वर्षीच्या हप्त्यात जुळतो.

---

चष्मिष्ट

विमावाले, तिसऱ्या मुद्द्याबद्दल सलाम.

आता धाग्याच्या मुळावर येतो: कुठलं कुलूप शेजाऱ्याला गोत्यात आणतं आणि कुठलं त्याला वाचवतं? यासाठी मोटारचोरीसारखा विषय नाही, कारण तिथे पन्नास-साठ वर्षांचे प्रयोग आयते पडले आहेत.

पश्चिम जर्मनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं. नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना. चोऱ्या धाडकन कोसळल्या. ब्रिटनने तेच कुलूप १९७१ मध्ये आणलं, पण फक्त नव्या गाड्यांना. नव्या गाड्या सुरक्षित झाल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. वस्तू तीच, फरक फक्त नियमात. आणि जुनी गाडी कोण चालवतो? ज्याला नवी परवडत नाही तो. म्हणजे श्रीमंताच्या सुरक्षेचं बिल गरिबाने भरलं.

पुढे इमोबिलायझर आला. इंजिनाला किल्लीतला इलेक्ट्रॉनिक संकेत मिळाल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा केला. नेदरलँड्सचे आकडे घेऊन व्हॅन ऊर्स आणि व्होलार्ड यांनी हिशेब केला: १९९५ ते २००८ या काळात त्याने मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी कमी केल्या, आणि टळलेल्या एका चोरीमागे खर्च आला सुमारे १,५०० युरो. गाडीच्या किमतीपुढे हे काहीच नाही. इथेही काही चोर जुन्या गाड्यांकडे वळले होते, पण तो फटका धरूनही निव्वळ घट मोठी राहिली.

अमेरिकेत मात्र अशी सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया यांनी तिथल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर बसवलाच नाही. कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्यांत तो होता, कारण तिथे २००७ पासून कायदा आहे. पुढे २०२२ च्या सुमारास टिकटॉकवर व्हिडिओ पसरले आणि अमेरिकेतल्या त्या गाड्या पोरांनी मजेखातर उडवायला सुरुवात केली. कारखान्यातच बसवला असता तर किरकोळ खर्चाचा एक सुटा भाग होता तो. न बसवल्याचा खर्च मग पोलीस, विमा कंपन्या आणि गाडीवाले यांच्यावर पडला.

आता सगळ्यात मजेदार उदाहरण. लोजॅक नावाचं एक यंत्र, गाडीत कुठेतरी लपवलेला रेडिओ. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आलं. गाडी चोरीला गेली की पोलीस तिचा माग काढतात. महत्त्वाचं म्हणजे गाडीवर त्याची काहीही खूण नसते. म्हणून चोराला कळत नाही की कुठल्या गाडीत आहे. तो प्रत्येक गाडीला घाबरतो. शिवाय माग काढत पोलीस थेट गाड्या सोडवून सुटे भाग विकणाऱ्यांच्या अड्ड्यावर पोचतात, आणि एका गाडीपायी अख्खा अड्डा उठतो. एअर्स आणि लेव्हिट यांनी १९९८ मध्ये मांडलं की या यंत्रामुळे समाजाला जो फायदा होतो, त्यातला दहा टक्क्यांहूनही कमी फायदा ते बसवणाऱ्याला मिळतो. बाकी नव्वद टक्के शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पदरात फुकट. साहजिकच लोक हे यंत्र जितकं घ्यायला हवं त्यापेक्षा फारच कमी घेतात. आणि डोळ्यांत भरणारं जाड कुलूप, जे शेजाऱ्याला अडचणीत आणतं, ते गरजेपेक्षा जास्त घेतात.

तेच यंत्र मेक्सिकोत गेलं तेव्हा काय झालं बघा. फोर्डच्या ठरावीक मॉडेलांत, ठरावीक राज्यांत बसवलं आणि त्याची जाहीर प्रसिद्धी केली. त्या गाड्यांच्या चोऱ्या ४८ टक्क्यांनी घटल्या, पण शेजारच्या, यंत्र नसलेल्या राज्यांत त्याच मॉडेलांच्या चोऱ्या १८ टक्क्यांनी वाढल्या. लपवलेलं यंत्र शेजाऱ्याला वाचवतं. जाहीर केलेलं यंत्र शेजाऱ्याकडे बोट दाखवतं.

---

मूकवाचक

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो. खाली हरवून जाईल.

---

खडूस काका

चष्मिष्ट, लांबण लावलीत पण कामाचं लिहिलंत. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

अबोली

इतका वेळ सगळे चोराच्या एकाच पारड्याशी खेळताय. बेकरच्या तराजूत तिसरी गोष्ट होती ना, सरळ मार्गाने मिळणारी कमाई? तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

इंग्लंड-वेल्समधल्या एका अभ्यासात (मेशिन आणि मेगिर, २००४) दिसलं की तळच्या मजुरीवर काम करणाऱ्यांची मिळकत घसरली की मालमत्तेचे गुन्हे वाढतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकात चोऱ्या घटल्या त्यातला बराच वाटा बेकारी घटण्याचा होता.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास अगदी साधा आहे. फ्रिट्झ फोली नावाच्या संशोधकाने अमेरिकेतली १२ शहरं घेतली. काही ठिकाणी सरकारी मदत महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी मिळते, काही ठिकाणी महिनाभर विभागून. जिथे सुरुवातीलाच मिळते, तिथे महिन्याच्या अखेरीकडे चोरी, घरफोडी, लुटालूट असे पैशासाठीचे गुन्हे वाढतात. मारामाऱ्यांत असा चढउतार नाही. जिथे विभागून मिळते, तिथे चोरीतही नाही. यावर उपाय काय? तीच रक्कम दोन-तीन हप्त्यांत द्या. खर्च जवळजवळ शून्य. एकही पोलीस नको, एकही कुलूप नको. पण 'चोरी रोखण्याचा खर्च' या शीर्षकाखाली हे कुठल्याच अंदाजपत्रकात येणार नाही, कारण हे दुसऱ्या खात्याचं काम.

आणि चष्मिष्ट यांनी जुन्या गाड्यांबद्दल म्हटलं तेच घरांचंही होतं. अर्जेंटिनात २००१ च्या आसपासच्या आर्थिक संकटात गुन्हे वाढले तेव्हा घरफोड्यांची वाढ गरिबांच्या वाट्याला जास्त आली. पैसेवाल्यांनी गजर आणि रखवालदार घेतले होते.

---

बेरीजवजाबाकी

अबोली, सहमत. पण एक खोच आहे. कमाईची संधी वाढते तेव्हा लुटण्याजोग्या वस्तूही वाढतात. सुबत्तेत चोरीला माल जास्त असतो आणि चोरी करायची गरज कमी असते. दोन्ही एकमेकांविरुद्ध खेचतात, म्हणून बेकारीचा परिणाम आकड्यांत बऱ्याचदा पुसट दिसतो.

---

फिरस्ती

तुरुंगाचं राहिलंच. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला किमान २५ वर्षं ते जन्मठेप असा कायदा केला. आधीचे दोन गंभीर असले की तिसरा किरकोळ असला तरी चालेल. एका माणसाने दुकानातून तीन गोल्फच्या काठ्या पळवल्या, त्याला २५ वर्षं ते जन्मठेप झाली आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. धाक बसला का? बसला. हेलंड आणि टॅबरॉक यांच्या अभ्यासात दोन गुन्हे नावावर असलेल्यांच्या अटका १७ ते २० टक्क्यांनी घटल्या. पण टळलेल्या एका गुन्ह्यामागे खर्च आला सुमारे १,४८,००० डॉलर. कारण पन्नाशी-साठीतले म्हातारे सांभाळत बसायचं, जे एरवीही भिंतीवरून उडी मारू शकले नसते. चोरी हा तरुणांचा उद्योग आहे. शेवटी २०१२ मध्ये मतदारांनीच तो कायदा सैल केला.

याउलट इटली. २००६ मध्ये तुरुंगांत जागा उरली नाही म्हणून वीस हजारांहून जास्त कैदी एकदम सोडले. अट एकच: पाच वर्षांत पुन्हा गंभीर गुन्हा केलात तर उरलेली शिक्षा नव्या शिक्षेत मिळवली जाईल. म्हणजे कुणाच्या डोक्यावर दोन महिन्यांची टांगती तलवार, कुणाच्या डोक्यावर तीस महिन्यांची. निव्वळ नशिबाने. हिशेबात आलं की टांगत्या शिक्षेचा प्रत्येक महिना पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता सुमारे १.३ टक्क्यांनी कमी करतो. म्हणजे काका, शिक्षेची लांबी अगदीच निकामी नाही, हेही कबूल. फक्त नाहक गोडवे गाऊ नका: त्या सुटकेनंतर इटलीत चोऱ्या वाढल्याही. आत असलेला चोर बाहेर चोरी करत नाही, इतकं साधं.

---

विमावाला

चोरीच्या मालाचा बाजार कुणीच घेतला नाही, म्हणून घाईत लिहितो. चोर हा पुरवठादार आहे. विकत घेणाराच नसेल तर तो काय करेल? मोटारीच्या सायलेन्सरजवळ धूर शुद्ध करणारं जे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं, त्यात रोडियम असतं. २०१६ मध्ये रोडियम औंसाला हजार डॉलरच्या आत होतं, मार्च २०२१ मध्ये २९ हजारांच्या वर गेलं. दावे कसे वाढले असतील ते मी सांगायला नको. माल तोच, गाडी तीच, कुलूप तेच, फक्त धातूचा भाव बदलला. तुम्ही कितीही पोलीस लावा, गाड्यांच्या पोटाखाली कोण बसणार?

इंग्लंड-वेल्सने डिसेंबर २०१२ पासून भंगारवाल्यांना रोख पैसे द्यायला बंदी घातली. धनादेश किंवा बँकेतूनच द्यायचे. म्हणजे माग राहतो. फोनचंही तसंच: मालकाच्या परवानगीशिवाय फोन पुन्हा सुरूच होऊ नये अशी सोय २०१३ पासून आली आणि चोरलेल्या फोनचा भाव सुट्या भागांवर आला. पूर्ण थांबलं नाही, सुटे भागही विकले जातात आणि फोन देशाबाहेरही जातात. पण चोराचा नफा कमी करणं हे चोर पकडण्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं, हे माझं मत.

---

रातवा

अवांतर, पण राहवत नाही. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट नसलेल्या मोटरसायकलस्वारांना जागच्या जागी दंड सुरू झाला. उद्देश डोकी वाचवणं. सहा वर्षांत मोटरसायकलींच्या चोऱ्या दोन तृतीयांशांनी घटल्या! कारण सहज हाती लागलेली मोटरसायकल पळवणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि पहिल्याच चौकात पोलीस अडवतो. ही पोरं मग मोटारींकडे वळली का? मोटारचोऱ्या थोड्या वाढल्या, पण घटलेल्या चोऱ्यांच्या मानाने किरकोळ. म्हणजे प्रत्येक चोर शेजारी सरकतोच असं नाही. बरेच जण चक्क घरी जातात.

---

चष्मिष्ट

रातवा, हे अवांतर मुळीच नाही. उंबरठा यांनी हे नीट वाचावं.

पोलिसांच्या खर्चाबद्दल एक शेवटची गोष्ट. अमेरिकेतल्या शहरांवरच्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात (चाल्फिन आणि मॅक्रेरी) पोलिसांवरच्या एका डॉलरमागे समाजाला सुमारे १.६३ डॉलर परत मिळतात असा अंदाज आहे. काका खूश होतील. पण त्या परताव्याचा मोठा भाग टळलेल्या खुनांचा आहे, कारण माणसाच्या जिवाची किंमत हिशेबात प्रचंड धरतात. चोऱ्यांवर पोलिसांचा परिणाम त्याच अभ्यासात हिंसक गुन्ह्यांच्या निम्माच दिसतो. निव्वळ सायकली आणि मोबाइल वाचवायला पोलीस भरायचे म्हटलं तर हिशेब बसेलच असं नाही. तिथे कारखान्यात बसवलेला सुटा भाग आणि भंगारवाल्याचा धनादेश जास्त स्वस्त.

---

खडूस काका

मी खूशच आहे. १.६३ म्हणजे फायदाच. बाकी तुमचं तुम्ही बघा.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. चष्मिष्ट यांचा प्रतिसाद वाचून काल सायकलच्या सीटखालच्या नळीत लपवायचं माग काढणारं यंत्र घेतलं. बाहेरून काही दिसत नाही. पण डब्यात एक स्टिकर निघाला: 'या सायकलचा माग काढला जात आहे.' लावू की नको? लावला तर मी वाचतो आणि शेजारचा जातो. नाही लावला तर माझीच सायकल जाऊ शकते, पण चोराला सगळ्यांच्या सायकलींचा संशय येईल.

---

खडूस काका

लाव. परोपकार सायकल परत मिळाल्यावर कर.

---

चष्मिष्ट

नका लावू. पण एकट्याने न लावून उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो. तिथल्या सायकलींत बऱ्यापैकी यंत्रं असली तरच चोर बिचकेल. शेजारच्याशी बोला.

---

उंबरठा

बोललो. नाही लावला. ज्याची गेली त्यालाही आपलं सगळं सांगितलं, ३९ शिलिंगांपासून मेक्सिकोपर्यंत. त्याला फारच पटलं. त्याने नव्या सायकलसाठी तेच यंत्र मागवलं.

आज सकाळी बघितलं. त्याने स्टिकर लावलाय.